वॉटर पंपाचा चौथा बोल्ट

वापीजवळच्या टोकरखाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा बिऱ्हाडं आहेत आणि त्यांतली निदान नऊ इंजिनियरांची. त्यामुळे पाण्याची मोटर बिघडली की चार दिवस बंदच राहते. बिघाडाचं कारण प्रत्येकाला सापडतं, पाना कोणालाच सापडत नाही. मीही त्यातलाच. सामरवरणीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळतो, म्हणून स्वतःच्या गाडीचा वॉटर पंप गळायला लागल्यावर ती गॅरेजला न्यायची मला लाज वाटली. "कशाला हात दाखवून अवलक्षण?" असं बायको म्हणालीच होती.

शनिवारी सकाळी पंपाचे तीन बोल्ट अर्ध्या तासात निघाले. चौथा गंजून बसला होता. स्प्रे मारला, पान्याला पाइप लावून लोंबकळलो, शिव्या दिल्या. शेवटी पाना फेकला, तो कोणाच्या तरी स्कूटरवर आपटला आणि आवाजानं अख्खी बिल्डिंग खाली जमली.

तळमजल्यावरच्या नाशिककरांनी "बोल्ट का अडकला?" हा प्रश्न मला पाचदा विचारला. मूळ कारण शोधायची त्यांच्या कंपनीत तशी पद्धत आहे. पाचव्या उत्तरात दोष माझ्यावर आला, कारण जुनी गाडी मी घेतली होती. दुसऱ्या मजल्यावरचे पुणेकर क्वालिटीत. काम सुरू करण्यापूर्वी परवाना लिहिला होता का, एवढंच त्यांना हवं होतं. दोन तासांनी बोल्ट होता तिथेच होता, मीटिंग मात्र छान झाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं तर नऊ बैल रिकामे.

दुपारी आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडच्या एका बसडेपोत त्यांनी सगळी नोकरी फिटर म्हणून काढली. वर्षभरापूर्वी त्यांचे हात थरथरू लागले. तेव्हापासून त्यांनी हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकली आणि बोलणंही जवळजवळ सोडलं. हवापालट म्हणून आई त्यांना रविवारी माझ्याकडे पाठवत होती. सहज बोल्टचं रडगाणं सांगितलं, तर पलीकडून एकदम आवाज आला, "कितीचा पाना लागू राहिला?"

"बाराचा."

"मी आल्यावर पाहू."

वर्षभरात त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. फोन ठेवल्यावर माझे डोळे भरून आले. तो बोल्ट आता त्यांच्याच हातून निघायला हवा होता. पण निघाला नाही तर? मग ते पुन्हा कधीच पान्याला हात लावणार नाहीत, ही भीती मला झोपू देईना.

म्हणून रविवारी उजाडताच खाली गेलो आणि बोल्टशी झुंजलो. तासाभरानं तो कुरकुरत फिरला. मी तो पुरता काढला नाही. दोन बोटांनी निघेल इतका ढिला ठेवला आणि आप्पांना आणायला रिक्षानं वापी स्टेशनवर गेलो. वाटेत स्वतःवर फारच खूश होतो.

आप्पा आले ते चहाही न घेता गाडीपाशी गेले. उजवा हात डाव्या हातानं धरून त्यांनी पाना बसवला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. ओढला. बोल्ट हलला नाही. पुन्हा ओढला. नाही.

मी वाकून पाहिलं. बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या मार्करची ताजी रेघ होती.

"अहो, बरं झालं भेटलात," मागून पुणेकर म्हणाले. "फिरायला निघालो तर बॉनेट उघडं आणि तुमचा बोल्ट ढिला! तीन तर गायबच होते, म्हटलं निदान हा तरी नीट असावा. टॉर्क रेंच लावून मापात आवळला आणि तपासल्याची खूणही केली."

माझ्या तोंडात आलेला शब्द वडिलांसमोर काढण्यासारखा नव्हता.

"कडक हाये," आप्पा म्हणाले. "हातोडा आन."

त्यांनी पाना धरला आणि मला बोल्टच्या डोक्यावर ठोके मारायला सांगितले. पान्याबरोबर त्यांची बोटंही थरथरत होती, हातोड्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर.

"आप्पा, लागेल."

"हात माझा हाये. मार."

मी जीव मुठीत धरून पाच-सहा ठोके मारले. मग त्यांनी बोल्ट आधी किंचित आवळला आणि अंगाचा सगळा भार टाकून उलटा ओढला. कट्टकन आवाज झाला आणि बोल्ट फिरला. पुणेकरांनी टाळ्या वाजवल्या. मी भर पार्किंगमध्ये रडलो, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

आप्पांनी बोल्ट बाहेर काढून आट्यांवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"गंज तर आधीच तुटलेला हाये. तू सोडवून ठेवला व्हता?"

खोटं बोलवेना. मी मान डोलावली.

"माझ्यासाठी?"

"हो."

त्यांनी बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. मग पुणेकरांकडे बोट करून म्हणाले, "हा मानूस बरा. यानं मला बोल्ट तरी खरा दिला."