केशरबाईची उसण

केशरबाईच्या छातीत दुखतं हे युसूफ वडगावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण पटत कुणालाच नव्हतं. आपल्याकडं दुखणं पटायला आधी ते डॉक्टरच्या कागदावर यावं लागतं, आणि केशरबाईच्या कागदावर नेमकं उलटं आलेलं.

दुखायचं ते डाव्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडाला लागून. जागा एवढीशी, अंगठ्याखाली झाकेल अशी. पण खोल श्वास घेतला की आतून दाभण टोचल्यासारखी चमक निघे. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, शिंक येऊ लागली की नाक दाबायचं, कुशीवर न वळता गोधड्यांच्या गठुड्याला टेकून पडायचं, असं सगळं तिनं आपलं आपण शोधून काढलं होतं. हसायचंही तिनं बंद केलं. तसं हसण्यासारखं फार काही घडत होतं असंही नाही.

साठी उलटलेल्या या बाईचं काम म्हणजे अर्जुनरावांच्या आईला सांभाळणं. अर्जुनराव गावातलं मोठं प्रस्थ, जमीनजुमला, राजकारणात ऊठबस. त्यांच्या आईला, छबुबाईला, लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. अंग मात्र भरलेलंच राहिलं. घरात सुना होत्या, नातसुना होत्या. पण म्हातारीला उचलायची वेळ आली की एकीची कंबर धरे, दुसरीला फोन येई. मग बौद्धवाड्यातून केशरबाईला बोलावणं गेलं. तिचा मुलगा संजय अर्जुनरावांची गाडी चालवायचा, त्यामुळं नाही म्हणायची सोयच नव्हती.

सकाळी गेलं की म्हातारीच्या काखेत हात घालायचे, तिचा धडका डावा हात आपल्या मानेत अडकवून घ्यायचा, छातीला छाती लावायची आणि उचलून खुर्चीवर बसवायचं. तिथून न्हाणीत, तिथून परत पलंगावर. दिवसातून किती वेळा ते विचारू नका, म्हातारीच्या पोटावर अवलंबून असे. ज्या घरात केशरबाईला एके काळी पाणी वरून ओतलं जायचं, त्या घरच्या मालकिणीची लाळ आता तिच्या खांद्यावर सांडायची. याला लोक काळ बदलला असं म्हणतात. केशरबाई काही म्हणत नसे, लुगड्याच्या पदरानं खांदा पुसून घेई.

छाती दुखायला लागली तेव्हा संजय घाबरला, हे खरं सांगायला पाहिजे. पोरगा वाईट नव्हता. आईला गाडीत घालून त्यानं अंबाजोगाईला एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं तिच्या अंगाला वायरी लावल्या, छातीवर गारगार काहीतरी फासून पडद्यावर काळीज दाखवलं, आणि शेवटी एका डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे."

झालं! त्या एका शब्दानं घात केला. संजयचा जीव भांड्यात पडला आणि तिथंच राहिला. सून ज्योत्स्ना मनानं बरी, पण तिला वाटलं, नॉर्मल म्हणजे दुखतच नाही. केशरबाई भाकरी थापताना थांबली आणि छातीवर हात ठेवला की ज्योत्स्ना मायेनंच म्हणायची, "आत्या, नॉर्मल हाय की सगळं. कावून मनाला लावून घेता?" संजय म्हणायचा, "माय, ग्यास असंल. ओवा खा." अर्जुनरावांच्या घरी तर तो शब्द संजयच्याच तोंडून आधीच पोचला होता. संस्कृती नावाची तिथली नातसून शिकलेली, बोलायला गोड. ती म्हणे, "मावशी, रिपोर्ट नॉर्मल आलेत ना? मग टेन्शन घ्यायचं नाही." आणि म्हातारीकडं बोट दाखवून निघून जाई.

केशरबाईला कधी कधी वाटे, काळजाला भोक निघालं असतं तर बरं झालं असतं. निदान माणसांनी बसायला तरी सांगितलं असतं.

ती ओवा खाई, लसणाचं तेल चोळी, विटकर तापवून फडक्यात गुंडाळून शेक घेई. शेकानं घटकाभर बरं वाटे. शेजारची विमलबाई तिचं बघून एकदा म्हणाली, "केशर, ही उसण हाय. पायाळू माणसाचा पाय लावून घे." आणि बोलता बोलता तिनं जीभ चावली. कारण गावात पायाळू कोण आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं.

जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसानं उजवा पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं लोक मानतात. छबुबाई पायाळू. तिच्या उमेदीच्या काळात सकाळच्या पारी तिच्या ओट्यापुढं माणसं पालथी पडलेली असायची. कुणाची कंबर, कुणाची बरगडी. बाई ओट्यावरून उतरायची, उजव्या पायाचा अंगठा दुखऱ्या जागी टेकवायची, की माणूस उठून चालू लागायचा. उसण उतरायची की नाही देव जाणे, पण गावाचा विश्वास होता.

केशरबाई तेव्हा नवी नवरी. पाण्याच्या घागरी वाहताना तिच्या बरगडीत उसण भरली. कुणीतरी सांगितलं म्हणून नवऱ्याला न विचारता ती तिथं गेली आणि गोठ्याच्या दारापाशी उभी राहिली. छबुबाईनं वरूनच तिला पाहिलं. म्हणाली, "तुला पाय लावू, अन मंग म्या परत अंगुळ करू व्हय?" पालथे पडलेले दोघंतिघं पडल्या पडल्या हसले. केशरबाई आली तशी माघारी गेली.

घरी कचरूनं, तिच्या नवऱ्यानं, तिला फाडून खाल्लं. कचरू छप्पनच्या दीक्षेनंतर जन्मलेला, घरात बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो, वाचणारा-बोलणारा माणूस. "ह्या घरात बुद्धाचं नाव घेत्यात, अन तू लाथ मागाया गेलतीस? ती बी त्यांची?" त्याचा राग निवल्यावर मात्र तो हसायला लागला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. म्हणाला, "लाथा माराया लई पुढं असत्यात ही माणसं. अन बरं करायची लाथ म्हणलं की बाट लागतो, इटाळ हुतो!" पुढं दर जयंतीला, चार माणसं जमली की तो ते सांगायचा, "आमाला ह्यांची लाथ बी मिळाली न्हाई!" लोक खो-खो हसायचे. केशरबाई आत भांडी घासत असायची. त्या गोष्टीत लाथ मागायला गेलेली आपण आहोत, हे ती कधी विसरली नाही. कचरू जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ती गोष्ट तिच्यापाशीच राहिली होती.

उन्हाळा सरता सरता दुखणं इतकं वाढलं, की एका सकाळी ती कुणाला न सांगता जीपमध्ये बसून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेली. रांगेत उभं राहून राहून तिचा नंबर आला तो एका तरुण डॉक्टरणीपुढं. केशरबाईनं आधीच सांगून टाकलं, "बाई, माजं सगळं नॉर्मल हाय. पर दुखतंय."

डॉक्टरणीनं जुने कागद पाहिले, बाजूला ठेवले आणि बोटांनी तिच्या छातीचं हाड चाचपायला लागली. एका जागी अंगठा दाबला तशी केशरबाई "आगं माय!" करून ओरडली.

"इथंच का?"

केशरबाई रडायला लागली. डॉक्टरणीला वाटलं आपण जोरात दाबलं. पण ते रडू दुखण्याचं नव्हतं. इतक्या दिवसांत एवढ्या माणसांनी तिला समजावलं होतं, दुखतंय तिथं बोट मात्र पहिल्यांदाच कुणीतरी ठेवलं होतं.

"तुमच्या काळजाला काही झालेलं नाही, ते त्यांनी बरोबर सांगितलं," डॉक्टरीण म्हणाली. "पण बरगडी जिथं मधल्या हाडाला जुळते, तिथला सांधा सुजलाय. जड काय उचलता?"

"म्हातारी."

डॉक्टरीण हसली. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून हसायची थांबली. जेवल्यावर घ्यायच्या गोळ्या दिल्या, शेक चालू ठेवायला सांगितला. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती हळूहळू पुढं कशी ताणायची ते स्वतः उठून दाखवलं. घाम फुटला, दम लागला, तर मात्र तडक यायचं म्हणाली. "आणि उचलणं बंद. ते बंद केलं नाही, तर बाकीचं सगळं फुकट."

केशरबाईनं त्याच दिवशी अर्जुनरावांपुढं विषय काढला. आणखी एक बाई ठेवा, नाहीतर दवाखान्यात असतो तसला, कळ फिरवली की वर होणारा पलंग आणा, एवढंच तिचं म्हणणं. अर्जुनराव पेपर वाचत होते. "बघू की, दिवाळी होऊ दे," ते म्हणाले. संस्कृतीनं विचारलं, "पण मावशी, रिपोर्ट तर नॉर्मल होते ना?" घरी संजयनं आवाज चढवला, "माय, तुज्या असल्या कुरबुरीपायी माजी गाडी जाईल. मंग बस दुखत." ज्योत्स्ना खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. केशरबाईला त्या क्षणी पोटच्या पोराचा जेवढा राग आला, तेवढा जन्मात कधी त्या ओट्याचाही आला नव्हता.

तरीही दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली.

म्हातारीला खुर्चीवरून पलंगावर घेताना छातीत अशी कळ आली, की कसंबसं तिला आडवं करून केशरबाई तिथंच फरशीवर बसली. तोंड उघडं, श्वास अर्ध्यातच अडकलेला. छबुबाईची जीभ लकव्यानं जड झाली होती, पण डोळे शाबूत होते. ती बघत राहिली. मग म्हणाली, "उसण हाय ती. ये हिकडं. पाय लावते."

केशरबाईला वाटलं आपल्या कानांनीच काहीतरी रचलं. पण म्हातारी पुन्हा म्हणाली, "ये गं केशर. पायाळू हाय मी."

ती उठली. का उठली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. बुद्धाचं नाव घेणाऱ्या घरची बाई, कचरूची बायको, पण दुखणाऱ्याला कुठल्याही खुंटीला टांगून घ्यावंसं वाटतं. ती पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि छातीवरचा पदर नीट केला. छबुबाईनं पाय उचलायला जोर केला. उजवा पाय, लकव्यानं मेलेला. तो जागचा हलला नाही.

"जरा तूच उचलून लावून घे," म्हातारी म्हणाली.

केशरबाईनं तो पाय दोन्ही हातांत घेतला. रोज ती त्याच्या टाचेला तेल लावायची, नखं काढायची. ओळखीचाच पाय, पण आज त्याचं ओझं निराळं लागलं. पाय हातात धरूनच तिनं विचारलं, "बाई, आता बाट न्हाई लागत का?"

"कसला बाट?"

"मागं मी आलते. गोठ्यापाशी उभी ऱ्हायलते. तुमी न्हाई म्हणलात."

छबुबाईनं आठवून पाहिलं. खरंच पाहिलं, ढोंग नव्हतं त्यात. मग तिच्या वाकड्या तोंडावर मोठं समाधान पसरलं. "म्या कुणाला बी न्हाई म्हणले न्हाई," ती म्हणाली. "समद्या गावाला पाय लावलाय म्या."

समद्या गावाला! म्हणजे गाव कुठं संपतं हे बाईला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं आणि आजही. केशरबाईनं तो पाय उशीवर नीट ठेवला, त्याच्यावर चादर ओढली.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "लई जड हाय."

म्हातारीला पाणी पाजून, तोंड पुसून, संस्कृतीला हाक मारून ती जी घरी आली, ती पुन्हा त्या घरी कामाला गेली नाही.

संजय कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. त्याची गाडी काही गेली नाही. अर्जुनरावांना म्हातारीपेक्षा ड्रायव्हर जास्त लागत होता. केशरबाईनं गोळ्या घेतल्या, शेक घेतला, सकाळ-संध्याकाळ चौकटीत उभं राहून छाती ताणली. आधी ताणताना डोळ्यांत पाणी यायचं, मग नुसतं ओढल्यासारखं व्हायचं. पावसाळा संपत आला असताना एकदा मिरचीच्या फोडणीनं तिला सटासट शिंका आल्या. नाक दाबायचं ती विसरून गेली होती आणि दुखलं काहीच नाही. ती चुलीपुढं तशीच हात उचलून बसली, दुखायची वाट बघत. ज्योत्स्ना हसून म्हणाली, "म्हणलं नव्हतं का आत्या? नॉर्मलच हुतं समदं."

त्याच आठवड्यात संजय उत्साहात घरी आला. केशरबाई चौकटीत दोन्ही हात टेकवून उभी होती.

"माय, अर्जुनरावांनी पलंग आणला. मीच आणाया गेलतो अंबाजोगाईला. दांडा फिरवला की म्हातारी आपोआप उठून बसती. न्हाणीत न्यायला चाकाची खुर्ची बी हाय."

"कवा निघालाय असला पलंग?"

"लई दिवसांचा हाय की. दुकानदार म्हणत हुता, कवाचा पडून हाय, कुणी नेत न्हाई." बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी कळलं असावं, कारण तो घाईनं पुढं म्हणाला, "आता उचलायचं काईच न्हाई, माय. बाई रोज तुजं नाव काढत्यात. दुसरीच्या हातानं जेवत न्हाईत. मालक म्हणले, तू बरी झालीस न्हवं, तर उद्यापासनं येऊ दे."

केशरबाईनं श्वास आत घेतला, पार खालपर्यंत. कुठंच अडकला नाही. माझी छाती होती तोवर पलंग लागला नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ज्यानं स्वतः तो पलंग गाडीत चढवला त्याला ते सांगून काय उपयोग, असं वाटून तिनं ते गिळलं.

"सांग तुज्या मालकाला," ती म्हणाली, "मायचा रिपोर्ट आता नॉर्मल न्हाई."