भोंग्याचा सा

अंबरनाथच्या आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते शोभेपुरतं. ऐंशीच्या दशकात आमचा दिवस चालायचा तो बाबांच्या कारखान्याच्या भोंग्यावर. सकाळचा पहिला भोंगा झाला की आई डबा भरायला घ्यायची, दुसरा झाला की बाबा स्कूटरला किक मारायचे. भोंगा आधी गुरगुरत वर चढायचा, मग एका सुरावर बराच वेळ टिकायचा आणि दमल्यासारखा खाली यायचा. पाळण्यात होते तेव्हापासून मी तो ऐकत आले होते.

सातवीत मला गाण्याच्या क्लासला घातलं. बाई बदलापूरला, कात्रपमध्ये राहायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पेटी राहू दे. तुझ्या मनाने सा लाव." मी लावला. बाईंनी पेटीची पांढरी पाच दाबून पाहिली, मग तिच्या लगतची काळी चार. माझा सूर दोन्हींच्या मधे कुठेतरी लोंबकळत होता.

"अगं, हा कुठून आणलास? पेटीत नाही हा!"

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बाईंनी कपाळाला हात लावला. "चुकतेस, पण दर वेळी बरोब्बर तेवढीच चुकतेस."

बाबा मला न्यायला आले होते, दारातूनच हसले. "बाई, तो आमच्या कंपनीचा भोंगा आहे."

बाईंना ती थट्टा वाटली. मला मात्र राग आला, कारण दुसऱ्या दिवशी भोंग्याबरोबर गाऊन पाहिलं आणि बाबांचंच खरं निघालं. उल्हासनगरची माझी मावसबहीण आजूबाजूच्या सिंधी पोरींबरोबर खेळता खेळता फर्ड्या सिंधीत भांडायला लागली होती, कोणी न शिकवता. माझ्या डोक्याने भोंगा तसाच उचलला असणार. लहान मुलाचा मेंदू कुठे विचारतो, हे गाणं आहे की आवाज आहे!

"भोंगा कारखान्यात. माझ्याकडे काळी चार," असं म्हणून बाई माझ्या मागेच लागल्या. तंबोरा, पुन्हा तंबोरा. मी रडकुंडीला यायची. अखेर एकदाची काळी चार गळ्यात बसली, परीक्षाही पास झाले. बाईंनी पेढा भरवला.

मग नव्वदीत कारखान्याला टाळं लागलं आणि भोंगा थांबला.

बाबा तरीही सकाळी शर्ट-पँट घालून खुर्चीवर बसायचे. आई वैतागायची, "अहो, कुठे जायचंय?" "कुठे नाही," म्हणायचे आणि बसून राहायचे. दिवस सुरूच व्हायचा नाही त्यांचा. मला ते बघवायचं नाही.

अशाच एका सकाळी ते मला म्हणाले, "तुझा तो जुना सा आहे का गं अजून? लाव ना एकदा."

एवढंच ना, म्हणून मी ऐटीत मांडी घातली आणि सूर लावला.

"हा नाही. हा बाईंचा."

मी खाली आले, तर थेट पांढऱ्या पाचवर. पुन्हा वर गेले, तर काळी चार. मधे थांबताच येईना. एवढ्या मेहनतीने जे शिकले होते, ते कोणी न शिकवता आलेल्या सुरावर ठाण मांडून बसलं होतं. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती माझ्यापाशी उरली नव्हती. मला रडू फुटलं. कारखाना बंद झाला तेव्हाही मी रडले नव्हते.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि स्वतःच सूर लावला. गणपतीच्या आरतीत "तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा" असं आई ज्यांना सांगायची, ते माझे बाबा. आवाज गुरगुरला, चढला आणि थांबला. तिथेच, दोन पट्ट्यांच्या मधे. ताडून बघायला पेटी लागलीच नाही, माझ्या अंगावर काटा आला. दम संपेपर्यंत त्यांनी तो धरून ठेवला.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला. आई लगबगीने दारात आली. तिच्या हातात बाबांचा डबा होता, पोळ्या आणि वाफाळती भाजी भरलेला.

"अहो, निघायच्या आधी..." एवढं बोलून ती थांबली. हातातल्या डब्याकडे बघत राहिली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

बाबा उठले. तिच्या हातातून डबा घेतला, तिच्याशेजारी बसले आणि शेवटच्या घासापर्यंत जेवले.