दिघे काकांचं हिरवं स्टिकर

किस्से आणि पेरू यांचं एकच आहे. एक तोडायला हात घालावा, तर फांदी हलते आणि बाजूचे दोन आपोआप ओंजळीत पडतात. देवासला आमच्या गल्लीत दर हिवाळ्यात हेच चालतं. इथं पेरूला जाम म्हणतात. दुपारी उन्हात बसलं की त्या वासानं डोळे आपसूक मिटतात. मग कोणीतरी म्हणतं, "अरे, दिघे काकांचं ऐकलंत का?"

*

दिघे काका कारखान्यात माल तपासायचे. हिरवं स्टिकर म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट. रिटायर झाले, तरी स्टिकरांची गड्डी खिशात! वत्सलाकाकूंची आमटी चाळीस वर्षांत एकदाही पास झाली नव्हती. "ठीक आहे. ऑब्झर्वेशनवर ठेवू," एवढंच!

अंगणातला जाम काकूंनी धारहून, माहेरच्या परसातलं रोप आणून लावलेला. ते घर आता विकलं गेलंय. माहेर म्हणून उरलंय ते हे झाड. पण तीन हिवाळे फळा-फळात अळ्या! काका म्हणाले, "यंदा एक तरी फळ पास झालं पाहिजे. नाहीतर झाड रिजेक्ट! तोडून टाकू."

त्या दिवशी आमटीत मीठच नव्हतं.

*

समोरच्या सोलंकी भियांनी (इथं भैयाला भिया म्हणतात) पोपट पळवायला काकूंच्या झाडावर रेडिओ बांधला. सकाळी भजनं लागली. पहिल्या दिवशी पोपट उडाले. चौथ्या दिवशी सगळा थवा वेळेवर हजर! भियांनी हात जोडले, "काकीजी, अब तो ये सत्संग में आ रहे हैं!"

*

मग ज्या फळमाशीच्या अंड्यांतून अळ्या होतात, तिच्यासाठी बाटलीचा सापळा आला. आतल्या गोळीच्या वासाला भुलून माश्या शिरतात आणि अडकतात. काकांनी दुकानदाराची उलटतपासणी घेतली, तेव्हा कळलं की यात फक्त नर सापडतात.

सोलंकी भिया म्हणाले, "अरे भिया, अंडे तो लुगाई देगी! आदमी को पकड़ के क्या होगा?"

काकू पदर तोंडाला लावून किती वेळ हसत होत्या.

*

शेवटी काकूंनी आईच्या जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या. फळं लिंबाएवढी असतानाच एकेकाला बांधल्या. वाऱ्यावर त्या हळूहळू झुलायच्या. गच्चीवरून मला वाटायचं, झाडाला पाळणेच टांगलेत. कपडे वाळत घालायचे विसरून मी बघत राहायची.

आणि काका? रोज सकाळी प्रत्येक पिशवी सोडून फळ तपासायचे! परत बांधायचे, ते सैल. माश्यांना दार उघडंच. एकेक करून फळं सडली, गळाली. काकू ती वेचून खड्ड्यात पुरत राहिल्या. एक दिवस मात्र त्यांचा बांध फुटला.

"अहो, फुगतेय का बघायला भाकरी घडोघडी टोचली, तर ती फुगेल कशी?"

काका चांगलेच ओशाळले. त्यांचा हात पोचला नव्हता, अशी शेंड्याची एकच पिशवी उरली होती.

*

मग काका रोज दुपारी झाडाखाली खुर्ची टाकून बसायला लागले. दोन्ही हात मांडीखाली दाबून! ऊन सरकायचं तशी खुर्ची सरकायची. रेडिओ हळू आवाजात चालू, बाजूला काकू पेंगलेल्या, सगळी गल्ली पेंगलेली.

मी विचारलं, "काका, काय करताय?"

"तपासत नाहीये! फार अवघड काम आहे गं."

*

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सोलंकी भियांनी शिडी लावून ती पिशवी उतरवली. पिवळाधमक जाम! काकांनी तो चिरला. चष्मा पुसून बी न् बी पाहिली. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता.

एकही अळी नाही!

"झाड बच गया!" भिया शिडीवरूनच ओरडले. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. मी म्हटलं, "काका, लावा स्टिकर!"

काकांनी गड्डी काढली. हिरवं स्टिकर सोललं. फळाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि काकूंच्या मनगटावर, बांगड्यांच्या वर, नीट दाबून चिकटवलं.

काकू लाजून म्हणाल्या, "इश्श! न तपासताच?"

"न तपासता कसं? चाळीस वर्षं ऑब्झर्वेशनवर होतीस!"