दारू सोडलेल्या माणसाचा सत्कार

"मॅडम, रविवारी तुमच्याच हातानं शाल द्यायची हाय. नाई म्हनू नका."

फोनवर अल्लीपूरच्या पुढच्या एका गावचे सरपंच होते. शाल देवानंदला द्यायची होती. हे नाव मी बदललं आहे. त्यानं दारू सोडली म्हणून गावानं त्याचा जाहीर सत्कार ठेवला होता.

"सत्कार करू नका, भाऊ," मी म्हणाले.

"काऊन? चांगलं काम केलं त्यानं. गावाले समजलं पायजे."

"गावाला समजू नये म्हणूनच तो एवढ्या लांब वर्ध्याला येतो ना!"

सरपंचांना मी खडूस वाटले असणार. त्यात नवीन काही नाही. मी एका हॉस्पिटलच्या व्यसनमुक्ती वॉर्डात काउन्सेलर आहे आणि माझं अर्धं काम नाही म्हणण्याचंच आहे.

देवानंद मोटर वायंडिंग करायचा. विहिरीवरची जळालेली मोटर खोलायची, जुनी तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची. हात थरथरायला लागले, तार जागेवर बसेना, तेव्हा तो आमच्याकडे दाखल झाला. औषधानं थरथर थांबते. तलफ थांबत नाही. त्यासाठी आम्ही माणसाला सपोर्ट ग्रुपकडे पाठवतो. तिथे दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं एकत्र बसतात. डॉक्टर नाही, फी नाही, आडनाव नाही. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवायचं.

ही मीटिंग दर सोमवारी एका शाळेच्या वर्गात भरते. देवानंद सुरुवातीला शाळेपर्यंत यायचा, समोरच्या टपरीवर चहा प्यायचा आणि तसाच परतीच्या बसमध्ये बसायचा. त्याचंही बरोबर होतं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. कागदोपत्री इथे कुणी पीतच नाही. मग मदत मागायला आलेल्या माणसाला आपण गुन्हा कबूल करायला आलो, असंच वाटतं. शेवटी मीच त्याला दारापर्यंत घेऊन गेले.

"आतमंदी कोनी ओळखीचा असन तर?"

"असला तर तोही त्याच कामाला आला असेल."

तो हसला. ओळख लपवायला डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा काढला आणि आत गेला.

पुढे तो नेमानं येऊ लागला. बाहेरच्यांना बसू देतात अशा एका मीटिंगला मी मागच्या बाकावर होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मले आजही प्यावंसं वाटून राह्यलं. पन आज मी प्यालो नाई." समोरच्या माणसांनी नुसत्या माना हलवल्या. ग्रुपचं सगळं औषध एवढंच आहे. प्यावंसं वाटतं, हे न लाजता बोलता आलं पाहिजे.

सत्काराची खरी हौस त्याच्या बायकोला, वनिताला होती. ती गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष. बायांना घेऊन मोहाच्या दारूच्या भट्ट्या फोडणारी. आणि तिच्याच घरात पिणारा नवरा. सरपंचांच्या फोननंतर ती मला भेटायला आली.

"मॅडम, लोकं मले तोंडावर म्हनत, आधी आपलं घर पाय. एक दिवस त्याले स्टेजवर बसू द्या ना."

मी म्हटलं, त्यालाच विचार. तो म्हणाला, तिच्यासाठी बसतो. मी कार्यक्रमाला गेले नाही. फोटो मात्र माझ्या मोबाईलवर आला. त्यात वनिता इतकी खूश दिसत होती, की मला माझ्याच कडकपणाची लाज वाटली.

त्यानंतरच्या सोमवारी देवानंद आला नाही. पुढच्याही नाही. फोन केला की म्हणायचा, काम लय हाय. मग एक दिवस वनिताच त्याला रिक्षातून घेऊन आली. डोळे पिवळे, पोट फुगलेलं.

साळ्याच्या लग्नात त्याची स्लिप झाली होती. दारू सोडल्यावर एखाद्या वेळी पिणं होतं, त्याला आम्ही स्लिप म्हणतो. ती मीटिंगमध्ये येऊन सांगितली, की पुष्कळदा तिथेच थांबते. कुणी रागावत नाही. त्यानं सांगितलीच नाही.

"सांगायचं होतंस ना रे," मी म्हणाले.

"कसा सांगू, मॅडम? गावानं हार घातला. आता थ्या खोलीत जाऊन प्यालो म्हनू? गावात समजलं तर वनितानं कोनाच्या भट्टीवर जावं?"

तो आपल्या दुकानात, आतून कडी लावून पीत होता. लिव्हर आधीच खराब झालेलं होतं, त्यानं फार दिवस काढू दिले नाहीत. तो आमच्याच वॉर्डात वारला. या नोकरीत मी बरेच मृत्यू पाहिले आहेत. या वेळी घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

नंतर वनिता मला म्हणाली, "मी त्याले काईच बोलली नसती, मॅडम. त्यानं मले काऊन नाई सांगतलं?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी तिला दिलं नाही.

परवा दुसऱ्या एका गावातून फोन आला. आमच्याकडच्या एकानं दारू सोडली, सत्कार आहे, पाहुण्या म्हणून या. मी म्हणाले, "तो पुन्हा प्यायला, तर तुमच्याकडे येऊन सांगू शकेल का?"

"सत्कार झाल्यावर असं कसं सांगन, मॅडम?"

"मग राहू द्या," मी म्हणाले. "त्याला सोमवारच्या बसमध्ये बसवून द्या."