न धुतलेला शर्ट

मांजरांचं होस्टेल सांभाळणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते मांजराच्या केसांसारखे साडीला चिकटून घरी येतात. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत आमच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना आहे. आतल्या खोलीत सहा पिंजरे. लोक गावाला गेले की त्यांची मांजरं माझ्या ताब्यात. "मांजर जे करतं त्याला कारण असतं, सुनंदा," हे मॅडमचं आवडतं वाक्य. असेल बाई! पण ते दर वेळी आपल्याला कळतंच असं नाही.

*

मे महिन्यात ओझरचे काका बबडीला घेऊन आले. कारखान्यातून रिटायर झालेले, लग्न केलेलं नाही, घरात दोघंच. काकांना हृदयाची बायपास करायची होती.

आमचा एक नियम आहे. मांजराबरोबर मालकाचा वापरलेला, न धुतलेला कपडा द्यायचा, त्या वासावर ते निवांत राहतं. काकांनी तिथंच अंगातला शर्ट काढून दिला आणि पिशवीतला दुसरा चढवला.

"ताई, ही मला विसरणार नाही ना? घरी बोलायला हीच आहे."

"काका, मांजर वास विसरत नाही!" मी ठोकून दिलं.

*

त्याच आठवड्यात दिंडोरीच्या शीलाताईंचा बोका सोन्या आला. त्यांनी दिला तो धुतलेला, वर इस्त्री केलेला शर्ट! "मळका कपडा कसा देऊ? लोकं काय म्हनतील?"

सोन्या दोन दिवस जेवला नाही. शेवटी त्यांच्या मिस्टरांचा, द्राक्षबागेतून आलेला घामट शर्ट मागवला. बोका त्यावर लोळला आणि वाटीभर खाऊन मोकळा झाला.

शीलाताई फोनवर म्हणाल्या, "ह्यांच्या घामाचं एवढं कवतिक मी बी कधी केलं नाय!"

*

एका दुपारी सहाही मांजरं, आपापल्या पिंजऱ्यात, एकाच भिंतीकडे बघत बसली. डोळे ताठ, कान पुढे. मी दारातूनच मॅडमना हाक मारली.

"भिंतीत पाइप आहे. त्याचा आवाज त्यांना येतो, आपल्याला नाही," मॅडम म्हणाल्या. मी हट्टानं प्लंबरला बोलावलं.

त्यानं भिंत ठोकून बघितली. "मॅडम, हितून पाइपच गेलेला नाय!"

*

सोन्याला न्यायचा दिवस. अकरा वाजता तो उठून दाराकडे तोंड करून बसला. दोनच मिनिटांत मालक, शीलाताईंचे मिस्टर, हजर!

"मोटारसायकलचा आवाज ओळखतात ती," मॅडम.

मालक म्हणाले, "गाडी बंद पडली, शेजाऱ्याच्या टेम्पोतून आलो."

मॅडम चष्मा पुसत राहिल्या.

*

काकांचं ऑपरेशन चांगलं झालं. काठी टेकत बबडीला न्यायला आले, तर ती त्यांच्यावर फिस्कारली! हॉस्पिटलचा वास आहे, आठवडाभरात जाईल, असं मॅडमनी समजावलं. काकांनी तिला आमच्याकडेच ठेवलं आणि आठ दिवस अंगात घातलेलं बनियन पाठवलं. बबडीनं ते पंजानं उकरून उकरून, घाण झाकतात तसं, कोपऱ्यात ढकललं. झोपायला मात्र तोच जुना शर्ट.

"आली का जवळ?" काकांचा रोज फोन.

"हो काका, बनियनवरच झोपली." मी खोटं बोलले. दुसरं काय बोलणार होते?

*

काका पुन्हा आले. "आज नाही आली, तर राहू दे तिला इथंच."

दोन खुर्च्या होत्या. एकीवर काका बसले. मी पिंजरा उघडला. बबडी शेपटी ताठ करून आली. काकांनी हात पुढे केला. ती त्या हाताला वळसा घालून रिकाम्या खुर्चीवर चढली, घुरघुरू लागली, हवेतच डोकं घासू लागली. आणि तिचा डावा कान हळूच चपटा झाला, कोणी वरून हात फिरवला की होतो तसा.

काका हलक्या आवाजात म्हणाले, "मी असाच हात फिरवायचो. आधी डाव्या कानावर."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा बबडीच्या कानाकडे बघितलं.

काका उठले. बबडीनं रिकाम्या खुर्चीवरून नजर सावकाश वर नेली, मग खाली उडी मारली. काकांपासून हातभर अंतर ठेवून दारापर्यंत चालली आणि आपणहून बास्केटमध्ये बसली.

मी बास्केट रिक्षात ठेवली. काका सीटच्या मधोमध बसले, आणि मग शेजारी एका माणसाची जागा सोडून अगदी कडेला सरकले.

"काका, मधी बसा ना आरामात," रिक्षावाला म्हणाला. "एकटेच तर हाय तुम्ही."

"असू दे," काका म्हणाले. "चला."