मी चपला आत घेतल्या

"चपला आत घे गं सगळ्यांच्या. बाहेर घिसाडी आलेत."

मॅडम हे डोळे पुसत म्हणाल्या. बेळगावातल्या आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये पिक्चर चालू होता, परदेशातल्या रोमा लोकांचा. पालं ठोकून राहणारी, भांडी घडवणारी, गावोगाव हाकलली जाणारी माणसं. त्यांचे पूर्वज आपल्याच देशातून गेले, हे मॅडमनीच सुरुवातीला सांगितलं होतं. पडद्यावर एक दुकानदार रोमा पोरीची झडती घेत होता. सगळा हॉल हळहळत होता. मी दाराजवळ बसले होते, म्हणून काम मला सांगितलं.

उठले. बाहेर आई होती.

आम्ही घिसाडी. हिंडलग्याच्या रस्त्याला आमचं पाल आहे. बाप सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, आई घण मारते. आमच्यात घण बाईच मारते. सुगीच्या आधी आई दारोदार फिरून विळे-कोयते गोळा करते. कॉलेजात हे कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांचं वर्कशॉप आहे, असं मी सांगून ठेवलं होतं. तीन वर्षं.

आईने मला बघितलं. माझ्यामागचं उघडं दारही बघितलं. आमची बोली वेगळी. मराठी आम्ही गिऱ्हाइकाशी बोलतो. ती माझ्याशी गिऱ्हाइकाची मराठी बोलली.

"आक्का, इळ्याला धार लावायची हाय काय?"

पोटच्या पोरीला आक्का. मला सांभाळून घेत होती ती.

"न्हाय," मी म्हणाले. आणि तिच्या पायाशी वाकून चपला गोळा केल्या. एकेक जोड आत नेला. माझाही. मला अडचण नको म्हणून ती बाजूला सरकून उभी राहिली.

हे सांगताना आजही माझी मान वर होत नाही.

पिक्चर संपला. मॅडम म्हणाल्या, "पिक्चरबद्दल तू बोल. तू छान बोलतेस."

उभी राहिले. तळहातांना चपलांची धूळ लागलेली.

"बाहेर आलेली बाई माझी आई आहे. चोर समजून तिच्यासमोरून मी चपला उचलल्या."

मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अगं, आधी सांगायचंस ना! तुझ्याबद्दल थोडंच म्हणाले मी?"

त्या बोलण्याने माझे डोळे उघडले. मी त्यांना चालत होते, आई चालत नव्हती. पडद्यावरची पोरही चालत होती, कारण ती कधी दारात येणार नव्हती.

"मग कुणाबद्दल म्हणालात?" मी विचारलं.

मी अनवाणीच पळाले. आई फाटकापाशी पोचली होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आमच्या बोलीत हाक मारली. ती दचकली. वळली, आणि पुन्हा मराठीतच म्हणाली, "जावा आक्का, आत जावा."

तिला माझ्याशी मराठी बोलायला लावणारी लाज माझी आहे. ती मी कुणावर ढकलणार नाही.

कॉलेज सोडलं नाही, सोडणारही नाही. शनिवारी कॉलेज सुटायच्या वेळी त्याच फाटकासमोर आम्ही भाता लावतो. आई भाता ओढते, घण मी मारते. ज्यांना बघायचं त्यांनी बघावं. पुन्हा कुणी चपला आत घ्या म्हणालं, तर मी बाहेर जाऊन आईशेजारी बसणार. माझ्या चपला बाहेरच राहतील.