मागच्या सीटवरची झोप

काळेवाडीतून चाकणच्या बाजूला पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या बायकांत मिनल ओव्हाळचं नाव एकाच गोष्टीसाठी निघायचं. तिच्या गाडीत झोप लागते. यात काय एवढं मोठं, असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा पहाटे साडेचारला उठावं, सगळ्यांचे डबे भरावेत, पोरांचे युनिफॉर्म काढून ठेवावेत आणि पावणेसहाला चौकात येऊन उभं राहावं. मग त्या पाऊण तासाच्या झोपेची किंमत कळेल.

मिनलचं वय छत्तीस. महाळुंग्याच्या पुढच्या एका कंपनीत ती फोर्कलिफ्ट चालवते, म्हणजे पुढे दोन लोखंडी दात असलेली, पेट्या उचलून उंच रॅकवर ठेवणारी ती बसकी गाडी. लागली होती हेल्पर म्हणून. जेवणाच्या सुट्टीत ऑपरेटरच्या मागे लागून शिकली, रीतसर लायसन्स काढलं आणि एके दिवशी सीटवर जाऊन बसली. तेव्हा स्टोअरमधले बाप्ये खो-खो हसले होते. आज काचेची पेटी आली की तेच बाप्ये हाताची घडी घालून म्हणतात, "मिनलला बोलवा."

तिची स्वतःची गाडी दहा वर्षांची, आठ वर्षांपूर्वी वापरलेली घेतलेली, करड्या रंगाची, छोटी. डॅशबोर्डवर वडिलांनी चिकटवलेली बुद्धाची बोटभर मूर्ती. वडील अठ्ठावीस वर्षं सायकलवर पिंपरीच्या कंपनीत गेले, म्हणून लेकीच्या गाडीचं त्यांना भारी कौतुक. गाडीत पुढे बसायची पॅकिंगमधली भाग्यश्री, जिचं पोर दीड वर्षाचं होतं. मागे नवी लागलेली दिव्या आणि कॅन्टीनच्या सुमनताई नढे. सुमनताई मूळच्या इथल्याच, गाव शहरात बुडालं तरी बोली न सोडलेल्या. तळवड्याचा सिग्नल गेला की त्यांचं घोरणं सुरू व्हायचं. घड्याळ लावून घ्यावं इतकं नेमकं.

मग जानेवारीत ते झालं. तळवडं ओलांडून इंद्रायणीच्या पुलाकडे उतरताना एक वळण आहे, तिथे कुठल्याशा डंपरमधून बारीक कच सांडली होती. गाडीचा मागचा भाग सटकला. मिनलने जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी गर्रकन फिरली आणि आलेल्या वाटेकडे तोंड करून थांबली. समोरून काही येत नव्हतं म्हणून ही गोष्ट सांगता येते. कुणाला खरचटलंही नाही. भाग्यश्रीच्या डब्यातले पोहे तेवढे छतापर्यंत उडाले. सगळ्याजणी नको तितक्या मोठ्याने हसल्या आणि कामावर गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून गाडीत कुणी झोपलं नाही.

डोळे मिटायच्या हो सगळ्या. मिनलला वाईट वाटू नये म्हणून माना टाकून पडायच्या. पण तळवडं गेलं, पूल गेला, महाळुंगं आलं, तरी घोरणं ऐकू यायचं नाही. सुमनताईंचं घोरणं ही काही नाटक करून काढायची गोष्ट नव्हती. आरशात मिनलला दिव्याची बोटं दिसायची, पुढच्या सीटची कड घट्ट धरलेली. कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

खरं तर भ्यायली होती तीच. त्या वळणावर तिचा उजवा पाय आपोआप ब्रेकवर जाऊन बसायचा आणि मागचे टेम्पो हॉर्न वाजवून तिचा उद्धार करायचे. तिने मनाशी ठरवलं, मार्चअखेर गाडी विकायची. बायका दोन बस बदलून, पुढे रिक्षात कोंबून जातील. त्यासाठी भाग्यश्रीला तास-दीड तास आधी पोराजवळून उठावं लागेल, हे ठरवताना तिला माहीत होतं. म्हणूनच ते कुणाला सांगायचं धाडस होत नव्हतं.

अशात कंपनीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. चाकणजवळच्या मैदानावर, गुरुवारी, नवशिक्यांसाठी ऑटोक्रॉस. मुरमाच्या मैदानावर प्लॅस्टिकचे कोन मांडून नागमोडी वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि वेळ मोजायची, असा तो खेळ. खाली लिहिलं होतं: रोजची साधी गाडी चालेल, गाडी घसरेल, घाबरू नका. इथली सुट्टी गुरुवारची, म्हणून कार्यक्रमही गुरुवारी. मिनलने 'गाडी घसरेल, घाबरू नका' ही ओळ चारदा वाचली आणि नाव दिलं.

गाडी घेऊन ती धनेशच्या गॅरेजला गेली. धनेश काळेवाडीचाच, हात सोन्याचा आणि डोकं हवेत. रेस म्हटल्याबरोबर त्याच्या अंगात आलं.

"मिनलताई, स्प्रिंगा कापू. गाडी अशी खाली बसवतो ना, चिकटून पळंल. सायलेन्सर मोठा टाकू, आख्खी काळेवाडी वळून बघंल."

"आणि शुक्रवारी सकाळी सुमनताईंना घेऊन स्पीडब्रेकरवरून जाताना काय करू? उचलून नेऊ गाडी?"

"मग करायचं काय?"

"काहीच नाही. जशी आहे तशीच न्यायची. फक्त आहे ती नीट आहे का, ते बघायचं."

तिने पर्समधून वही काढली. फोर्कलिफ्ट सुरू करण्याआधी रोज एक तक्ता भरावा लागतो: ब्रेक, हॉर्न, टायर, तेलगळती, दात, साखळी. एकेका ओळीपुढे खूण आणि खाली सही. अकरा वर्षांत मिनलने एकही दिवस तो न बघता भरला नव्हता. रात्री वहीत तशाच ओळी स्वतःच्या गाडीसाठी आखताना तिच्या लक्षात आलं की आठ वर्षांत या गाडीसाठी असली एकही सही आपण केलेली नाही. कंपनीच्या पेट्यांना जेवढं जपलं तेवढं या तिघींना जपलं नाही. हे तिने धनेशला बोलून दाखवलं तेव्हा तो बिचारा स्प्रिंगा विसरला आणि पाना घेऊन गाडीखाली शिरला.

एकेक गोष्ट निघत गेली. चांगले टायर पुढे टाकायचे आणि गुळगुळीत झालेले मागे, ही धनेशचीच जुनी सवय, त्यामुळे सटकलं ते मागूनच. मागे नवे दोन टायर आले. ब्रेकचं तेल काळं पडलं होतं, ते बदललं. पॅड बदलले. बॅटरीची पट्टी ढिली होती, ती आवळली. हवेचं तर विचारूच नका. पंपावर "किती?" म्हटलं की मिनल वर्षानुवर्षं "चाळीस" म्हणत आली होती, कारण रांगेत तिच्या पुढचा माणूस चाळीस म्हणायचा. आता दरवाजा उघडून तिने चौकटीवरची चिठ्ठी वाचली. दोन माणसं असतील तर किती, गाडी भरलेली असेल तर किती, सगळं लिहिलेलं. चाळीस कुठेच नव्हतं. फोर्कलिफ्टवरची वजनाची पाटी रोज वाचणाऱ्या बाईने कपाळाला हात लावला.

चाकांचे नट बरोबर मापाने आवळून झाले, तशी तिने कंपनीच्या पद्धतीने प्रत्येक नटावर आणि त्याच्या बाजूच्या पत्र्यावर पिवळ्या रंगाची एकच रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटते, डोळ्याला लगेच दिसतं. धनेश म्हणाला, "भारी आयडिया हाय राव," आणि डबी मागून घेतली.

बुधवारी संध्याकाळी तिने गाडी रिकामी केली. मैदानावर गाडीत सुटी वस्तू चालत नाही. मूर्ती अलगद सोडवून वडिलांच्या हातात दिली. मग मानेची उशी, छत्री, सेफ्टी शूजचा एक जोड, केसांच्या पिना, शेंगांची टरफलं, आणि सीटच्या फटीतून जानेवारीतले वाळलेले पोहे. शेवटी मागचं पायपुसणं ओढायला गेली तर ते जागेवर नव्हतं. सुमनताई बसतात तिथलं पायपुसणं पुढच्या सीटखाली सरकून चुरगळलं होतं, खालचे रबराचे काटे घासून गेले होते. मिनलला क्षणभर कळेना. मग कळलं. दोन महिने रोज, डोळे मिटून, सुमनताई मागच्या सीटवरून ब्रेक दाबत होत्या.

ती तिथेच गाडीच्या दाराशी बसून रडली. चांगली रडली.

गुरुवारी मैदानावर तेवीस गाड्या होत्या. बहुतेक सगळी तरुण मुलं, गॉगल लावलेली. सुमनताई न सांगता आल्या होत्या, दोरीपलीकडे पिशवी घेऊन उभ्या. शिकवणारी स्वरूपा नावाची तिशीची मुलगी, आवाज असा की लाउडस्पीकर लाजावा. तपासणीत तिने मिनलची चाकं बघितली आणि म्हणाली, "ह्या रेघा कुणी मारल्या? बाकीच्यांनी जरा येऊन बघा." मिनलचा ऊर भरून आला. पण तो आनंद जेमतेम दहा मिनिटं टिकला.

पहिली फेरी सुरू झाली. मिनल पहिल्या कोनाशी आली आणि तिने हॉर्न वाजवला. दुसऱ्या वळणावर पुन्हा वाजवला. कंपनीत वळणावर हॉर्न वाजवला नाही तर सेफ्टीवाला कार्ड जमा करतो. अकरा वर्षांचा हात, तो मैदान थोडंच ओळखतो? डावा हात एकटाच स्टिअरिंग फिरवत होता, कारण फोर्कलिफ्टच्या स्टिअरिंगवरची मूठ डाव्या हातालाच असते. नजर अगदी जवळच्या कोनावर, जशी दाताच्या टोकावर असते. एकाही कोनाला तिने धक्का लावला नाही, आणि ती तेविसांत तेविसावी आली. मुलं हसली. वाईट मनाने नव्हे, पण हसली.

दुसऱ्या फेरीला स्वरूपा हेल्मेट घालून शेजारी बसली. "मॅडम, दोन्ही हात. आणि या कोनाला बघू नका, तो काही पळून जात नाही. पुढच्याला बघा. जिकडे बघाल तिकडे गाडी जाईल." थोडं जमलं.

तिसऱ्या फेरीत वेग वाढला, आणि लांबच्या वळणावर मागचा भाग सटकला. तसाच. मिनलचा पाय जाऊन ब्रेकवर आदळला. गाडी गर्रकन फिरली, इंजिन बंद, चारी बाजूंनी लाल धूळ. धुळीत तिला तोच पूल दिसला. ती गाडी बाहेर घेऊन आली.

ती पाणी प्यायली आणि सवयीने तिने गाडीभोवती चक्कर मारली. चारी चाकांच्या रेघा अखंड होत्या. हवा बरोबर, तेल गळत नव्हतं. गाडीचं काहीही चुकलं नव्हतं. पाय चुकला होता. फोर्कलिफ्टवर काहीही वेगळं झालं की पहिला ब्रेक, हे त्या पायाला शिकवलेलं. घसरत्या गाडीला ब्रेक नको असतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

सुमनताई दोरीखालून वाकून आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आगं, बास कर आता. आमी जाऊ बसनं. मी काय मरत न्हाई दोन बस बदलून."

म्हणजे गाडी विकायचं त्यांना कळलं होतं तर. मिनलने कधीच सांगितलं नव्हतं, तरी.

"ताई, एक फेरी राहिलीय," ती म्हणाली. "तुम्ही जाऊ नका. बघा."

चौथ्या फेरीत ती त्या वळणावर तेवढ्याच वेगाने आली. मागचा भाग सुटला. पाय ब्रेककडे निघाला आणि तिने अक्षरशः ओरडून त्याला थांबवलं, "नाही!" अॅक्सिलरेटर हळूच सोडला, मान वळवून पुढच्या कोनाकडे बघितलं, दोन्ही हात नजरेच्या मागे गेले. गाडी जराशी डुलली, आणि सरळ झाली. एवढंच. बघणाऱ्याला काही झालं असं वाटलंही नसेल. मिनल मात्र उरलेली वाट मोठमोठ्याने हसत गेली आणि त्या भरात शेवटी एक हॉर्नही वाजवला.

ती सतरावी आली. बक्षीस तिघांनाच होतं. सगळे पांगल्यावर स्वरूपाने तिला त्या एकाच वळणावर नऊ वेळा सोडलं, आणि नऊपैकी आठ वेळा तिने गाडी सावरली. सुमनताईंनी बोटांवर मोजलं.

शुक्रवारी सगळं सामान परत जागेवर गेलं, मूर्ती डॅशबोर्डवर आली, चिठ्ठीवर भरलेल्या गाडीसाठी लिहिलेली तेवढीच हवा टायरांत भरली गेली. निघण्याआधी मिनलने वहीत खुणा करून सही केली. त्या दिवशीही कुणी झोपलं नाही. ती काही एका दिवसात परत येणारी गोष्ट नाही. शनिवार गेला, रविवार गेला.

मंगळवारी तळवड्याच्या सिग्नलनंतर रेडिओत काहीतरी खरखरतंय म्हणून मिनलने हात पुढे केला. रेडिओ बंदच होता.

पुढे ते वळण आलं, आणि वळणावर पुन्हा कच सांडलेली. मागचा भाग किंचित सुटला. मिनलने पाय हलका केला, पुलाकडे बघितलं, दोन्ही हातांनी गाडी सरळ घेतली. पूल मागे पडल्यावर तिने आरशात बघितलं. दिव्याचा हात मांडीवर उघडा पडला होता. शेजारी भाग्यश्रीचा फोन मांडीवरून घरंगळून खाली गेला होता, तिला पत्ता नव्हता. आणि सुमनताई तोंड उघडं टाकून घोरत होत्या.

मिनलच्या डोळ्यांत पाणी आलं. पण नजर तिने पुढेच ठेवली.

कंपनीच्या गेटवर तिने सगळ्यांना उठवलं. सुमनताई डोळे चोळत, वैतागून उतरल्या. पायपुसणं जिथल्या तिथे, सपाट होतं.

"आज लई लवकर आणलंस गं," त्या कुरकुरल्या, "माझी झोप बी पुरी न्हाई झाली."